लार्ज फॉरमॅटवर निसर्गाचे क्लोज-अप: कोणती लेन्स घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की मेलमध्ये तेच ते प्रश्न येऊ लागतात: फुलं, शेवाळ, दगडफूल, अळंबी ४×५ वर टिपायची तर लेन्स कोणती? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ४×५ म्हणजे लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात एकेक सुटी घालायची ४×५ इंच फिल्म; सगळे आकडे तिचेच आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ४×५ वर ‘क्लोज-अप’ म्हणजे नेमकं किती जवळ?

वस्तूपासून किती फुटांवर उभे आहात यापेक्षा फिल्मवर प्रतिमा किती मोठी पडते, हे पाहायचं. दहा सेंटीमीटरची वस्तू फिल्मवर पाच सेंटीमीटर आली तर प्रमाण १:२, दहाची दहाच आली तर १:१.

४×५ च्या शीटवर प्रत्यक्ष प्रतिमेला साधारण ९५×१२० मिमी जागा मिळते. म्हणजे तळहातावर मावणारं कळलावीचं फूल फ्रेमभर घेतलं की तुम्ही १:१ च्या आसपास पोचलातच. तेच फूल पस्तीस एमएम कॅमेऱ्यावर फ्रेमभर घ्यायला ०.३ पट पुरतं. अडीच सेंटीमीटरचं फूल ४×५ च्या निम्म्या उंचीएवढं दिसायला हवं असेल तर जवळजवळ २:१ लागतं. डिजिटलवरून येणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते. ज्याला ते साधा क्लोज-अप म्हणत आले, तो इथे चांगलाच खोल मॅक्रो ठरतो. लांब बेलोज (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता), कमी उजेड, कागदाएवढी डेप्थ ऑफ फील्ड (पुढेमागे स्पष्ट दिसणारी खोली), सगळ्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

२. माझ्याकडे साधी १५० मिमी आहे. तिच्यावर भागेल का, की मॅक्रो लेन्स घ्यावीच लागेल?

बहुतेकांचं भागतं. सहा भिंगांची नेहमीची एफ/५.६ लेन्स दूरच्या दृश्यासाठी सुधारलेली असते, पण एफ/२२ ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) बरंच लहान करून, १:३ पर्यंत ती छान काम देते आणि १:२ लाही लाज आणत नाही. त्यापुढे कोपरे सैल पडू लागतात. पण फुलाच्या फोटोत कोपऱ्यात असतं काय? बहुतेकदा धूसर हिरवळ. कोपऱ्यातली तीक्ष्णता खरोखर लागते ती सपाट विषयांना: खडकावरचं दगडफूल, झाडाची साल, पानाची जाळी.

एक पावसाळा आहे त्याच लेन्सवर काढा. कोणत्या प्रमाणात तुम्ही वारंवार काम करता, हे कळल्याशिवाय मॅक्रो लेन्सवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

३. बेलोज किती लांब लागतो? हिशेब कसा करायचा?

फोकल लेंग्थ गुणिले (१ + मॅग्निफिकेशन). १५० मिमी लेन्सला १:२ साठी २२५ मिमी आणि १:१ साठी ३०० मिमी. १८० ला १:१ साठी ३६०, २१० ला ४२०. लेन्सपासून वस्तूपर्यंतचं अंतर १:१ ला तेवढंच असतं. १:२ ला ते बेलोजच्या दुप्पट, म्हणजे १५० मिमी लेन्सला ४५० मिमी.

आता उलट बाजूने बघा, कारण कॅमेरा सहसा आधीच घेतलेला असतो. ३०० मिमी बेलोजवर १५० मिमी लेन्स १:१ गाठते, २१० मिमी १:२ च्याही अलीकडे थांबते, २४० मिमी १:४ वर अडते आणि ३०० मिमी लेन्स तर फक्त अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या दृश्यावर, फोकस होते. लाकडी आणि धातूच्या फील्ड कॅमेऱ्यांचे बेलोज साधारण ३०० ते ४०० मिमीच्या घरात असतात. लिनहॉफ मास्टर टेक्निका सुमारे ४३० पर्यंत जातो. मोनोरेलला (एका दांड्यावर सरकणाऱ्या कॅमेऱ्याला) जादा रेल आणि दुसरा बेलोज जोडता येतो, फक्त तो गडावर चढवायला सोबत कुणीतरी दणकट माणूस लागतो.

लेन्सच्या जाहिराती बघण्याआधी आपला बेलोज पूर्ण ताणून पट्टीने मोजा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

४. मग ९० मिमी वाइड लेन्सच का वापरू नये? १:१ ला १८० मिमी बेलोज पुरेल की!

बेलोज पुरेल, पण वस्तूही लेन्सपासून १८० मिमीवरच असेल. लेन्सबोर्ड, बेलोज आणि तुमचं डोकं यांची सावली थेट फुलावर पडते. ट्रायपॉडचा पाय फुलाशेजारी रोवावा लागतो. शिवाय इतक्या जवळून पुढची पाकळी अवाढव्य आणि मागची चिमुकली दिसते, आणि मागचं सगळं रान फ्रेममध्ये घुसतं. फूल त्याच्या परिसरासकट दाखवायचं असेल तर हाच गुण आहे: १:५ च्या आसपास ९० मिमी फार सुंदर काम करते. एकट्या फुलासाठी मात्र १५० ते २१० मिमी बरी.

कासच्या पठारावर आणखी एक कारण आहे. तिथे वाट सोडून फुलांत पाय टाकायचा नसतो, त्यामुळे विषय कुठे असेल हे तुम्ही ठरवत नाही. अशा ठिकाणी १:४, १:५ साठी २१० किंवा २४० मिमी हाताशी असलेली बरी.

५. ‘मॅक्रो’ नावाच्या लेन्समध्ये वेगळं काय असतं? कोणत्या मिळतात?

त्या १:१ च्या आसपासच्या कामासाठी सुधारलेल्या असतात. नाव घेण्यासारख्या तीन: रोडेनस्टॉकची अपो-मॅक्रो-सिरोनार (१२० आणि १८० मिमी), श्नायडरची मॅक्रो-सिमार (१२० आणि १८०) आणि निकॉनची निक्कोर-एएम ईडी (१२० आणि २१०). सगळ्या एफ/५.६. निकॉनने २००६ मध्ये लार्ज फॉरमॅटच्या लेन्सेस बंद केल्या, म्हणून तिसरी फक्त जुन्या बाजारात.

एफ/५.६ चा खरा फायदा ग्राउंड ग्लासवर, म्हणजे फोकस बघायच्या मागच्या दुधी काचेवर, दिसतो. १:१ ला एफ/५.६ ची लेन्स एफ/११ एवढाच उजेड देते, तर एफ/९ ची लेन्स एफ/१८ एवढा. पावसाळी ढगाखाली, काळ्या कापडाखाली डोकं घालून लूपमधून पुंकेसर शोधताना हा फरक फार मोठा वाटतो.

एक सावधगिरी. १२० मिमीची मॅक्रो लेन्स लँडस्केपलाही चालेल असं धरून चालू नका. अनंतावर तिचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स फिल्मवर टाकते ती गोल प्रतिमा, ४×५ चे कोपरे भरण्याइतकं मोठं नसतं. जवळ आल्यावर ते का पुरतं, हे प्रश्न ८ मध्ये आहे.

६. जी-क्लॅरॉन, अपो-रोनार अशा छपाईच्या कामाच्या जुन्या लेन्सेस स्वस्तात दिसतात. घ्याव्यात का?

घ्याव्यात. छापखान्यांत मजकूर आणि चित्रं मूळ आकारात उतरवण्यासाठी या लेन्सेस बनल्या, म्हणून त्यांची सुधारणाच १:१ साठी आहे. त्यांच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात. वस्तू आणि प्रतिमा समान अंतरावर आली की अशा रचनेत कोमा (कडेच्या बिंदूंना शेपूट फुटणं), वाकडेपणा आणि कडांवरची रंगीत झालर आपोआप एकमेकांना छेद देऊन नाहीशी होते. एफ/२२ ला त्या अनंतावरही चांगल्या चालतात, म्हणजे एकाच लेन्समध्ये डोंगरही आणि दगडफूलही.

फुजिनॉन-ए मालिका (१८०, २४०, ३०० मिमी, एफ/९) याच वळणाची आहे. २४० मिमी असूनही कोपाल ० शटरमध्ये बसणारी ती छोटीशी लेन्स पाठीवरच्या सॅकमध्ये जाणवतसुद्धा नाही. एकच दुसरी लेन्स घ्यायची आणि बेलोज ३६० मिमीच्या पुढे जात असेल, तर मी १८० ची फुजिनॉन-ए किंवा २१० ची जी-क्लॅरॉन शोधेन, महागडी मॅक्रो नाही.

खरेदी करताना एवढं बघा की लेन्स शटरमध्ये बसवलेली आहे. छपाईच्या कॅमेऱ्यांतून काढलेल्या पुष्कळ लेन्सेस बिनशटरच्या असतात. त्या शटरमध्ये बसवण्याचा खर्च कधी कधी लेन्सच्या वर जातो.

७. टेलिफोटोला बेलोज कमी लागतो म्हणतात. मग ३६० मिमी टेलिफोटोने दुरून फुलं काढता येतील?

अनंतावर बेलोज कमी लागतो हे खरं. पण जवळ यायला लागणारी वाढ तेवढीच राहते: १:२ साठी फोकल लेंग्थच्या निम्मी, म्हणजे ३६० ला आणखी १८० मिमी. अनंतावर वाचवलेलं इथे खर्ची पडतं. वर या लेन्सेस दूरच्या दृश्यासाठी सुधारलेल्या, टिल्ट केल्यावर, म्हणजे लेन्स झुकवल्यावर, प्रतिमा भलतीकडेच सरकते, आणि एक्स्पोजरचं प्रश्न ११ मधलं साधं सूत्र त्यांना जसंच्या तसं लागू पडत नाही. क्लोज-अपसाठी टेलिफोटो नको.

८. लेन्सचं प्रतिमावर्तुळ लहान आहे. जवळच्या फोटोत कोपरे काळे येतील का?

सहसा नाही. बेलोज ताणला की वर्तुळही त्याच प्रमाणात मोठं होतं. १:१ ला ते अनंताच्या दुप्पट असतं. अनंतावर जेमतेम कोपरे झाकणारी लेन्स १:१ ला भरपूर राइज (लेन्स वर सरकवणं), शिफ्ट (बाजूला सरकवणं) आणि टिल्ट देते.

९. एन्लार्जरची लेन्स वापरता येते का?

येते, आणि पैशाच्या मानाने याहून चांगला सौदा नाही. कॉम्पोनॉन-एस, रोडागॉन, ईएल-निक्कोर यांच्या १३५ किंवा १५० मिमी लेन्सेस डार्करूम मोडीत निघाल्या की बऱ्या किमतीत मिळतात. त्या लहान निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढण्यासाठी बनलेल्या. म्हणून १:१ च्या अलीकडे, म्हणजे प्रतिमा वस्तूपेक्षा लहान असताना, सरळ लावा. प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी हवी असेल तर उलटी लावा, म्हणजे एरवी निगेटिव्हकडे असणारी बाजू फुलाकडे येईल.

शटर नसतं, पण १:१ ला एफ/२२ वर एक्स्पोजर बहुधा काही सेकंदांचं येतं. लेन्सची टोपी काढायची, मनात मोजायचं, पुन्हा घालायची. चार सेकंदांत अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर निगेटिव्हला पत्ता लागत नाही. एका सेकंदाच्या खाली मात्र हा खेळ जमत नाही.

१०. क्लोज-अप फिल्टर लावून भागेल का?

एका भिंगाचे स्वस्त फिल्टर विसरा. दोन भिंगं चिकटवलेला अ‍ॅक्रोमॅट, उदाहरणार्थ कॅननचा ५००डी, हा वेगळा प्रकार आहे. १५० मिमी लेन्स अनंतावर ठेवून तो लावला की वस्तू ५०० मिमीवर फोकस होते आणि प्रमाण येतं १५०/५००, म्हणजे ०.३. बेलोज ताणलेला नसल्यामुळे एक्स्पोजरही वाढवावं लागत नाही. आखूड बेलोजच्या जुन्या प्रेस कॅमेऱ्यावर २१० मिमी वापरणाऱ्यांना हा उपाय मी बिनदिक्कत सुचवतो. १:२ च्या पुढे जायचं असेल तर बेलोजच बरा.

११. एक्स्पोजर किती वाढवायचं? प्रत्येक वेळी फिल्म अंडर (कमी उजेडाची) येते.

बेलोजची लांबी भागिले फोकल लेंग्थ, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. १५० मिमी लेन्स, ३०० मिमी बेलोज: दोनचा वर्ग चार, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). १:२ ला २.२५ पट, सव्वा स्टॉपला जरा कमी. १:४ ला दीडपटीच्या किंचित वर. १:१० ला पाव स्टॉप, तो निगेटिव्ह फिल्मवर सोडून दिला तरी चालेल. २:१ ला मात्र नऊ पट, तीन स्टॉपच्याही वर.

बेलोज मोजायचा नसेल तर फुलाशेजारी पाच सेंटीमीटरची कागदी पट्टी धरा आणि ग्राउंड ग्लासवर ती केवढी दिसते ते मोजा. अडीच दिसली तर १:२. फोटोआधी पट्टी काढायला विसरू नका.

त्यानंतर रेसिप्रॉसिटी, म्हणजे लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते त्याची दुरुस्ती, आणि ती नेहमी नंतरच. समजा मीटर एफ/२२ ला १ सेकंद सांगतं आणि तुम्ही १:१ वर आहात. आधी ४ सेकंद. मग फिल्मची दुरुस्ती: इलफर्डने एफपी४ प्लससाठी दिलेला घातांक १.२६, म्हणून ४ चे होतात जवळपास ६. एचपी५ प्लसचा घातांक १.३१ आहे. तिच्यावर मोजलेले ८ सेकंद १५ होतात. प्रोव्हिया १००एफला फुजीच्या माहितीप्रमाणे १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्ती लागत नाही, म्हणून रानातल्या सावलीत तिचा हेवा वाटतो.

१२. अ‍ॅपर्चर एफ/६४ पर्यंत बंद केलं तर सगळं फूल शार्प येईल ना?

येणार नाही, उलट सगळंच थोडं मऊ पडेल. १:१ ला लेन्सवरचा एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ असतो, एफ/४५ हा एफ/९०. एफ/९० ला विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) एका बिंदूचा ठिपका फिल्मवर सुमारे ०.१२ मिमीचा होतो. चौपट मोठ्या प्रिंटवर तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर. लव, परागकण, दवाच्या थेंबाची कड हे सगळं त्यात विरघळतं.

दुसऱ्या बाजूला डेप्थ ऑफ फील्ड आहे. ०.१ मिमीचा ठिपका चालवून घेतला तर एफ/२२ ला १:१ वर ती एकूण ९ मिमी मिळते, १:२ वर सुमारे २६ मिमी, १:५ वर १३ सेंटीमीटर. हे आकडे लेन्स बदलल्याने जवळजवळ बदलत नाहीत. छोटी लेन्स घेतली की डेप्थ वाढते हा समज त्याच प्रमाणात काढलेल्या फोटोला लागू नाही. माझा शिरस्ता: १:२ ते १:१ मध्ये एफ/२२ आणि एफ/३२ च्या दरम्यान, त्यापुढे नाही. डेप्थ कमी पडत असेल तर थोडं मागे सरका, १:२ वर काढा आणि प्रिंट मोठा करा. एवढी मोठी फिल्म वापरतो कशासाठी?

१३. टिल्ट करून डेप्थ ऑफ फील्ड वाढवता येत नाही का?

वाढत नाही, हवी तिकडे वळवता येते. ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांच्या १९०४ च्या पेटंटमुळे ज्याला त्यांचं नाव मिळालं तो हा नियम: फिल्म, लेन्स आणि वस्तू यांची प्रतलं एका रेषेत मिळाली की तिरकी वस्तू पूर्ण फोकसमध्ये येते. उतरत्या कातळावर पसरलेलं शेवाळ किंवा एकाच पातळीत फुललेला गेंदाचा ताटवा यांना हे वरदानच.

जवळच्या कामात लागणारा कोन बघून लोक दचकतात. लँडस्केपला चार-पाच अंश पुरतात, पण फिल्मशी ४५ अंशांत असलेल्या कातळाला १:२ वर जवळपास १६ अंश लागतात. १:१ ला तर लेन्स बरोबर मधोमध, साडेबावीस अंशांवर. पुष्कळ फील्ड कॅमेऱ्यांचा पुढचा स्टँडर्ड (लेन्स धरणारी चौकट) एवढा झुकवला की बेलोज आवळतो. मग कॅमेऱ्याची पाठही थोडी झुकवा. कळलावीसारख्या सगळ्या दिशांना पाकळ्या फेकणाऱ्या फुलाला टिल्टचा काही उपयोग नाही. तिथे एकच पाकळी आणि पुंकेसर निवडायचे.

१४. १:१ च्या जवळ फोकसच होत नाही. नॉब फिरवतो तशी प्रतिमा नुसती लहानमोठी होते. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठणठणीत आहे. तुम्ही पुढच्या स्टँडर्डने फोकस करताय. लेन्स पुढे नेली की फिल्मपासूनचं अंतर वाढतं, पण वस्तूपासूनचं तेवढंच घटतं. १:१ ला वस्तू आणि फिल्ममधलं अंतर फोकल लेंग्थच्या चौपट असतं, आणि याहून कमी अंतरात स्पष्ट प्रतिमा मिळतच नाही. तुम्ही त्यापेक्षा थोडे जरी जवळ असलात तर नॉब कितीही फिरवा, फोकस येणार नाही.

आधी हिशेबाने बेलोज ठरवा (प्रश्न ३), मग सगळा कॅमेरा पुढेमागे सरकवून अंदाजे फोकस आणा, शेवटची बारीक जुळणी मागच्या, म्हणजे फिल्म धरणाऱ्या, स्टँडर्डने करा. मागचा स्टँडर्ड हलतच नसेल तर ट्रायपॉडवर फोकसिंग रेल लावा. क्लोज-अपसाठी कॅमेरा अजून घ्यायचा असेल तर मागून फोकस होणारा घ्या. दुसऱ्या लेन्सपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

१५. वाऱ्याचं काय करायचं? सहा सेकंद कुठलं फूल स्थिर राहतं?

पठारावर ऑगस्टमध्ये कुठलंच नाही. सूर्योदयाच्या आधीची आणि लगेच नंतरची वेळ त्यातल्या त्यात शांत. देठ क्लिपने काठीला धरता येतो, पण तो प्रयोग आपल्या बागेत करा, जपलेल्या अधिवासात नाही. छत्री वाऱ्याच्या बाजूला धरली तर बराच फरक पडतो.

खरा इलाज फ्लॅश. लेन्समधलं लीफ शटर प्रत्येक वेगाला फ्लॅशशी जुळतं, कोपाल ० तर १/५०० लाही. हिशेब करून बघा: आयएसओ १००, १:१, लेन्सवर एफ/३२ म्हणजे प्रत्यक्षात ६४, फ्लॅश ४० सेंटीमीटरवर. ६४ × ०.४ म्हणजे सुमारे २६ गाईड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा मीटरमधला आकडा). नेहमीच्या स्पीडलाइटमध्ये एवढी ताकद असते, फक्त डिफ्यूझर स्टॉप-दोन स्टॉप खातो म्हणून फ्लॅश आणखी जवळ आणा किंवा दोन लावा. मागचं रान काळं पडतं, ते चालत नसेल तर पहाटे उठणं आलं.

१६. फुलपाखरं, चतुर, कोळी?

नाही. फोकस करून, फिल्मचा होल्डर घालून, त्याचं झाकण म्हणजे डार्क स्लाइड काढेपर्यंत ते गेलेले असतात.

१७. जुनी लेन्स घेताना काय तपासावं? आमच्याकडे कोकणात बुरशी फार धरते.

टॉर्च मागून तिरका मारून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. कडेपुरती असेल तर फोटोत दिसत नाही, पण किमतीत दिसायला हवी. चिकटवलेल्या भिंगांच्या कडेला तेलासारखी इंद्रधनुषी झाक असेल तर चिकटवणी सुटतेय. श्नायडरच्या लेन्सेसमध्ये आत कडेला पांढरे ठिपके दिसतात, ते काळ्या रंगाचे पोपडे असतात, काचेला काही झालेलं नसतं. त्या ठिपक्यांवरून भाव पाडून घ्या आणि लेन्स खुशाल उचला.

शटरचा १ सेकंद कानाने ऐका, अडखळत असेल तर साफसफाईचा खर्च धरा. आपल्या कामात बी किंवा टी वर (शटर हवं तितका वेळ उघडं ठेवून) लांब एक्स्पोजरच जास्त, त्यामुळे १/२५० मंद असला तरी मी अडून बसत नाही. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी आधी धरा.

बुरशीसाठी: भिजलेली बॅग बंद करून ठेवू नका. घरी आल्यावर लेन्सेस बाहेर काढून वाळू द्या, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते पुन्हा तापवून वापरा. लेदरच्या जुन्या केसमध्ये लेन्स कधीच ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं. बेलोजही ताणून, उजेडाच्या खोलीत वाळवा, आणि वाळल्यावर काळोखात आत टॉर्च लावून घड्यांच्या कोपऱ्यांना भोकं पडली नाहीत ना ते बघून घ्या. क्लोज-अपला बेलोज पूर्ण ताणलेला आणि एक्स्पोजर लांब, त्यामुळे एरवी लपून जाणारं टाचणीएवढं भोकही फिल्मवर धुरकट डाग पाडतं.